अक्षरांची शिदोरी

प्रवासाला निघणाऱ्या माणसांच्या दोन जाती आहेत. एक, निघण्याच्या आदल्या रात्रीच दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून ठेवणाऱ्यांची. दुसरी, ‘जाऊ तिथे घासभर मिळेलच की’ असे म्हणून रिकाम्या हाताने निघणाऱ्यांची. पहिल्याच्या खांद्याला ओझे होते, पण आडरानात रात्र पडली तरी तो उपाशी झोपत नाही. दुसरा मोकळा चालतो; मात्र त्याचे जेवण यजमानाच्या डब्यात काय आहे यावर ठरते. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा दिंड्यांबरोबर शिधा, भांडीकुंडी आणि राहुट्या लादलेल्या गाड्या असतात. वाटेवरची गावे पंगती घालतातच. पण केवळ पंगतीच्या भरवशावर कोणताही शहाणा दिंडीचालक घरून निघत नाही.

हा भरवसा केवढ्याला पडू शकतो, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. १७६० च्या मार्च महिन्यात सदाशिवरावभाऊ पटदुराहून उत्तरेकडे निघाले. पटदूर म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातले परतूर. आमच्या पाचोडच्या पूर्वेचा, शेजारचाच मुलूख. फौज मोठी होती, तोफखाना नावाजलेला होता, उदगीरचा विजय ताजा होता. पण पानिपतावर तळ पडला तेव्हा दाणागोट्याची भिस्त दूरच्या अंतर्वेदीवर आणि तिथल्या गोविंदपंत बुंदेल्यांवर राहिली. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत मारले गेले, रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी अर्धपोटी फौजेला मैदानात उतरावे लागले. पानिपतच्या पराभवाची कारणे पुष्कळ सांगतात. पण त्यातून पोटाचे कारण कोणालाच वगळता आलेले नाही.

दिवाळीच्या फराळाच्या ताटावर ही उपासमारीची कथा कशाला, असे वाचक म्हणतील. कारण एवढेच, की मला आज ज्या प्रवाशाची हकीकत सांगायची आहे तोही असाच रसद तुटून वर्षानुवर्षे परमुलखात उपाशी राहिला. हा प्रवासी म्हणजे आपले मराठी अक्षर. आणि परमुलूख म्हणजे संगणक. त्याची हकीकत समजायची तर आधी संगणकाच्या दुनियेत शिदोरी म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे.

संगणकाला काम सांगण्यासाठी ज्या सूचना लिहितात त्यांना प्रोग्रॅम, म्हणजे आज्ञावली म्हणतात. ही आज्ञावली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकटा माणूस कधीच लिहीत नाही. घरची सुगरण पुरणपोळी स्वतःच्या हाताने करते, पण त्यासाठी ती उसाचे गुऱ्हाळ घालीत नाही. गूळ ती तयारच आणते. तद्वत संख्येचे वर्गमूळ काढणे, नावे अकारविल्हे लावणे, पडद्यावर चित्र उमटवणे असली नित्याची कामे करणारे तुकडे दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले असतात. अशा तुकड्यांच्या साठ्याला लायब्ररी म्हणतात, जरी तिच्यात पुस्तक एकही नसते. आज्ञावली लिहिणारा आपले चार शब्द लिहितो आणि बाकीच्यासाठी लायब्रऱ्यांना हाक मारतो.

घोटाळा होतो तो आज्ञावली दुसऱ्याच्या यंत्रावर गेली म्हणजे. ती हाक मारते, आणि तिथे ‘ओ’ द्यायला ती लायब्ररीच नसते. किंवा असते, पण जुनी असते. नाव तेच आणि गुण निराळे. मग आज्ञावली कोलमडते आणि लिहिणारा म्हणतो, “माझ्या यंत्रावर तर चालत होती!” हे वाक्य या धंद्यात इतके जुने आहे, की त्यावर आता कोणी रागावतही नाही.

नवलाची गोष्ट अशी, की या धंद्याची सुरुवात शिदोरी बांधण्यापासूनच झाली. इंग्लंडात केंब्रिज येथे एडसॅक नावाचे यंत्र ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालले. त्याच्या सूचना कागदाच्या लांब फितीवर भोके पाडून दिल्या जात. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी नित्याच्या कामांच्या लहान लहान फिती तयार करून एका कपाटात क्रमवार ठेवल्या. ज्याला जी लागेल ती त्याने कपाटातून काढायची, तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घ्यायची, आणि मूळ फीत जागच्या जागी ठेवायची. १९५१ मध्ये या तिघांचे या विद्येवरचे पुस्तक निघाले. आज्ञावली लिहिण्याच्या शास्त्रावरचे ते पहिले पुस्तक समजले जाते. त्या पद्धतीत यंत्राकडे जाणाऱ्या प्रत्येक फितीत तिचे सर्व सामान असे. उसनवारीचा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडेही ही विद्या लवकर आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले यंत्र १९६० मध्ये रुजू झाले, आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. त्याची स्मरणशक्ती होती २०४८ शब्दांची, आणि एकेक शब्द ४० अंशांचा. आजच्या हिशेबाने ती कशीबशी दहा हजार बाइट भरते. आजच्या पद्धतीने मराठी मजकूर साठवायचा तर एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे या दिवाळी अंकाच्या एकदोन पानांतच टिफ्रॅकचे पोट भरून गेले असते. एवढ्याशा जागेत प्रत्येकाने आपली संपूर्ण शिदोरी घेऊन यायचे म्हटले, तर प्रवाशाला बसायलाच जागा उरत नाही.

म्हणून जागेच्या तंगीतून दुसरा विचार निघाला. वर्गमूळ काढणारा तुकडा दहा आज्ञावल्यांना लागतो, मग त्याच्या दहा नकला कशाला? यंत्रावर एकच ठेवावी आणि सर्वांनी तीच वापरावी. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मल्टिक्स या मोठ्या प्रकल्पात ही सामाईक लायब्ररीची कल्पना चांगली मुरली. १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज आली, ती अशाच सामाईक लायब्रऱ्या घेऊन. त्यांना डीएलएल म्हणतात.

सामाईक वस्तूचे सुख आणि दुःख खेड्यातल्या माणसाला ठाऊक असते. गावकीची लग्नाची भांडी देवळात ठेवलेली असतात. कोणाच्याही घरी कार्य निघाले की हंडे, पराती, घंगाळी तिथून न्यायची आणि कार्य उरकले की परत आणून ठेवायची. प्रत्येकाला शंभर माणसांचा हंडा विकत घ्यावा लागत नाही, हे केवढे सुख! पण एखादा मोठा हंडा नेतो आणि त्याच्या जागी तसलाच दिसणारा, जरा लहान हंडा आणून ठेवतो. पुढच्या लग्नात भात शिजायला घातल्यावर ते कळते, आणि तेव्हा मांडवात वऱ्हाड बसलेले असते. विंडोजवर १९९० च्या दशकात नेमके हेच झाले. नवी आज्ञावली यंत्रावर यायची ती आपली लायब्ररी सामाईक जागेत टाकून द्यायची, आणि काल बरी चालणारी दुसरीच आज्ञावली आज कोसळायची. धंद्यातल्या लोकांनी या अवस्थेला सरळ ‘नरक’ असे नाव दिले. २००० साली आलेल्या विंडोजच्या आवृत्तीत सामाईक भांड्यांना कुलूप लावण्याची व्यवस्था झाली, आणि ज्याला वेगळे भांडे हवे त्याने ते आपल्याच घरात ठेवावे अशी मुभाही मिळाली.

आता आपल्या मराठी अक्षराकडे वळू. छापखान्यात शिशाच्या खिळ्यांचा जमाना होता तेव्हा देवनागरी जुळवणे हे कसबी काम होते. अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफार, वेलांट्या यांचे शेकडो खिळे खणाखणांतून वेचून ओळ जुळवणारा जो माणूस असे त्याला जुळारी म्हणत. लेखकाने ‘विद्यार्थी’ लिहिले की तो ‘वि’, ‘द्या’ आणि ‘र्थी’ असे खिळे बरोबर उचलीत असे. संगणकाला अक्षराचा क्रमांक सांगितला की तो अक्षर ठेवून घेतो. पण अक्षर पडद्यावर दिसण्यासाठी त्याला दोन गोष्टी आणखी लागतात. एक फॉन्ट, म्हणजे खिळ्यांची पेटी; आणि दुसरा तो जुळारी. रोमन लिपीला जुळारी नसला तरी चालते, कारण तिची अक्षरे शाळेच्या प्रार्थनेसारखी एकामागे एक उभी राहतात. आपली मात्र एकमेकांच्या खांद्यावर चढतात, कडेवर बसतात, पोटाशी धरतात.

परदेशातून येणाऱ्या यंत्रांत यांपैकी काहीच नव्हते. म्हणून पहिली शिदोरी चक्क लोखंडापितळेची बांधावी लागली. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ या नावाने भारतीय लिप्यांचे काम सुरू केले होते. १९८८ मध्ये पुण्याला सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर ते तिथे आले. जिस्टचे कार्ड संगणकाच्या पोटात खोचले की त्याला देवनागरी येऊ लागे. क्रमांक, खिळे आणि जुळारी हे तिन्ही त्या कार्डावरच. कार्ड काढले की यंत्र पुन्हा निरक्षर. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानकही ठरले, म्हणजे कोणत्या अक्षराचा कोणता क्रमांक हे निश्चित झाले.

पण कार्डापेक्षा फॉन्ट स्वस्त होता, आणि स्वस्त वस्तू बाजार मारते. १९९० च्या दशकात गावोगाव डीटीपीची दुकाने निघाली. त्यांतले बहुतेक फॉन्ट म्हणजे एक युक्ती होती. रोमन अक्षरांच्या २५६ घरांत आपले काने, वेलांट्या आणि अर्धी अक्षरे बसवून टाकायची. संगणक समजे की आपण इंग्रजी अक्षर ठेवतो आहोत. पडद्यावर मात्र मराठी दिसे. जुळारी नव्हताच, टंकलेखकाने स्वतःच आधी वेलांटी आणि मग अक्षर असे तुकडे जुळवायचे. शिवाय प्रत्येक कंपनीची घरांची मांडणी निराळी. एकीच्या ‘क’च्या घरात दुसरीचा रफार राहायला आलेला.

याचा परिणाम काय झाला, हे मराठीत लिहिणाऱ्या माझ्या वयाच्या प्रत्येकाने भोगले आहे. माझी पहिली कादंबरी एका डीटीपीच्या दुकानात जुळवली गेली. पुढे दुकान बंद झाले. मजकुराची चकती तेवढी माझ्याकडे राहिली. दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली तेव्हा ती चकती दुसऱ्या यंत्रात घातली, तर नायिकेच्या तोंडी रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे आणि उलटे स्वल्पविराम! अखेर छापील पुस्तक समोर ठेवून सगळा मजकूर पुन्हा बसवून घेतला. खरे पाहता त्या चकतीवरून हरवले काहीच नव्हते. लिहिलेले अक्षर न् अक्षर तिथे होते. त्याची खिळ्यांची पेटी तेवढी बरोबर आलेली नव्हती. माझी तर छापील प्रत होती. ज्या स्मरणिका, ज्या संस्थांची इतिवृत्ते, ज्या म्हाताऱ्यांच्या आठवणी नुसत्या चकतीवरच राहिल्या, त्यांचे काय?

वर्तमानपत्रे इंटरनेटवर आली तीही हीच अडचण घेऊन. बातमी वाचायच्या आधी वाचकाने त्या पत्राचा फॉन्ट उतरवून घ्यायचा. दुसरे पत्र वाचायचे तर दुसरा. परदेशात नोकरीला गेलेला मराठी मुलगा सकाळी गावाकडची बातमी उघडी आणि त्याला अगम्य चिन्हांचे शेत दिसे. मग काहींनी पानाबरोबरच फॉन्ट पाठवण्याची सोय केली. १९९३ मध्ये निघालेल्या पीडीएफने हाच विचार पुढे नेला: कागदाच्या पोटातच त्याचा फॉन्ट बांधून द्यायचा, आणि तोही सगळा नव्हे, मजकुरात आलेल्या अक्षरांपुरता. आजही छापखान्याकडे मजकूर जातो तो बहुधा असाच, आपले खिळे बरोबर घेऊन. मात्र या शिदोरीने अक्षर दिसते, कळते असे नाही. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये ‘पैठण’ शब्द शोधायला सांगा. डोळ्यांपुढे दहा ठिकाणी पैठण दिसत असले तरी यंत्र म्हणते, ‘आढळले नाही.’ आत क्रमांक चुकीचेच आहेत.

क्रमांकांचा प्रश्न सोडवला युनिकोडने. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या सर्व लिप्यांना एकाच वहीत कायमचे क्रमांक मिळाले, आणि देवनागरीची मांडणी इस्कीच्या पायावर झाली. क्रमांक ठरले, फॉन्टही होऊ लागले; राहिला तो जुळारी. युनिकोडमध्ये ‘विद्यार्थी’ हा शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवतात: आधी ‘व’, मग त्याची वेलांटी, ‘द’, हलन्त, ‘य’, काना, ‘र’, हलन्त, ‘थ’ आणि दुसरी वेलांटी. वेलांटी उचलून ‘व’च्या अलीकडे मांडणे, ‘द’ आणि ‘य’ यांची मोट बांधणे, ‘र’ला उचलून ‘थी’च्या डोक्यावर चढवणे, ही सारी कामे जुळाऱ्याची. हा जुळारी म्हणजेही एक लायब्ररीच.

विंडोजमध्ये हा जुळारी २००० सालच्या आवृत्तीत आला, त्याचे नाव युनिस्क्राइब. पण २००१ च्या विंडोज एक्सपीत तो झोपलेला असे. त्याला उठवायचे तर सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे, आणि मग यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी दहा ठिकाणी विचारूनही मिळत नसे. तोवर ‘किती’ची वेलांटी ‘क’च्या पलीकडे जाऊन एकटीच उभी राही आणि जोडाक्षरांचे पाय मोडून पडत. मायक्रोसॉफ्ट ऑफिसने यजमानाच्या जुळाऱ्यावर विसंबून न राहता आपला स्वतःचा जुळारी बरोबर आणला. त्यामुळे एकाच यंत्रावर दोन आज्ञावल्यांचे जुळारी निराळे असू शकत, आणि एकच मजकूर एकीत नीट दिसे, दुसरीत मोडका.

मोबाइलवर तर सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसत. २०११ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीची सोय झाली. त्याआधीच्या काळात ऑपेरा मिनी या ब्राउझरमधली एक युक्ती पुष्कळांच्या स्मरणात असेल. तिच्यातला एक पर्याय बदलला की दूरचा मोठा संगणक अक्षरांची चित्रे काढून पाठवी, आणि बिचाऱ्या फोनला ती फक्त दाखवायची असत. यजमानाकडे चूलच नाही म्हटल्यावर शिजवलेला डबाच पाठवावा, तसा हा प्रकार.

मग ही उपासमार संपली कशी? तिचे बरेचसे श्रेय एका मुक्त लायब्ररीला आहे. तिचे नाव ‘हर्फबझ’. मूळचे इराणचे बेहदाद इस्फहबोद यांनी ती घडवली. फारशीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडा, मोकळा. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या आमच्या मराठवाड्यात ‘हर्फ’ शब्दाचा अर्थ सांगायला कोश लागत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने उर्दू शाळेतच गिरवली. फारशी लिपीलाही जुळारी लागतो, कारण तिचीही अक्षरे हातात हात घालून चालतात. म्हणून की काय, हे दुखणे त्यांना आतून कळले. ही लायब्ररी कोणीही फुकट घ्यावी, बदलावी, आपल्या आज्ञावलीत बांधून न्यावी अशा बोलीवर दिलेली आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड यांनी ती आपल्यात सामावून घेतली. लिब्रे ऑफिसने २०१७ च्या आवृत्तीपासून सर्व प्रकारच्या यंत्रांवर तीच वापरायचे ठरवले. यजमानाकडे जुळारी आहे की नाही, जागा आहे की झोपला आहे, ही विचारपूसच संपली. प्रवासी आपला जुळारी घेऊनच दारात येतो.

खिळ्यांच्या पेट्याही मोकळ्या झाल्या. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त केले. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी ‘मुक्त’ आणि ‘बलू’ असे देखणे फॉन्ट तशाच बोलीवर दिले. शिदोरी बांधायची तर आधी धान्य बांधून नेण्याची परवानगी हवी, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. पुष्कळसे जुने फॉन्ट मजकुराबरोबर गेले नाहीत याचे एक कारण हे, की ते दुसऱ्याला द्यायची परवानगीच नव्हती.

आणि जुळाऱ्याला मराठी नीट यावे लागते, हेही खरे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांतल्या ‘र’च्या जोडणीत जो फरक आहे तो आपल्याला रोज लागतो. जुळाऱ्याला तो ठाऊक नसेल, तर दिवाळीच्या फराळासाठी आचाऱ्यास बोलावणे पाठवावे आणि वेदान्ताचे आचार्य येऊन उभे राहावेत!

इकडे मराठीचे हे चालले असता, बाकीच्या संगणकविश्वातही शिदोरीचाच जमाना आला होता. जावा भाषेच्या लोकांनी १९९० च्या दशकातच आज्ञावली ज्या गठ्ठ्यात बांधायची त्याचे नाव ‘जार’ ठेवले, म्हणजे बरणीच झाली. मग मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी ‘डॉकर’ जगापुढे मांडले. आज्ञावली, तिच्या सर्व लायब्रऱ्या, तिच्या सेटिंग हे सगळे एका पेटीत बंद करायचे. यंत्राचा अगदी आतला गाभा तेवढा यजमानाचा. घर सगळे आपले, जमीन तेवढी त्याची. या पेटीला कंटेनर म्हणतात, आणि ते नाव बंदरावरून आले. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल-एक्स’ जहाजावर ५८ पेट्या चढल्या आणि मालवाहतुकीचे रूप पालटले. आपले न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले ते या पेट्यांच्याच काळासाठी. पेटीत मोसंबी आहेत की यंत्राचे सुटे भाग, हे क्रेनला कळावे लागत नाही. पेटीचे माप ठरलेले असले की झाले.

शिदोरी न बांधणाऱ्यांचे हाल याच काळात एकदा जगाने पाहिले. मार्च २०१६ मध्ये एका आज्ञावलीकाराने, नावावरून झालेल्या वादात चिडून, आपले सारे तुकडे सामाईक कोठारातून काढून घेतले. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अकरा ओळींचा एक तुकडा होता. ओळीच्या डाव्या बाजूला जागा भरून देणे एवढेच त्याचे काम. पण तो दर वेळी त्या कोठारातून मागवून घेणाऱ्या असंख्य आज्ञावल्यांची बांधणी जगभर अडून बसली, आणि तो तुकडा परत जागेवर ठेवावा लागला. अकरा ओळींचे पानिपत!

एवढे सांगून ‘तात्पर्य, शिदोरी बांधावी’ असे म्हणून मी मोकळा झालो असतो. पण शिदोरीलाही वास लागतो. गावाच्या एका विहिरीत घाण पडली तर ती एकदा उपसली की गावाचे भागते. तेच पाणी शंभर घरांनी शंभर रांजणांत भरून ठेवले असेल, तर शंभर रांजण पालथे करावे लागतात. आणि कोणाच्या माजघरात कोणता रांजण आहे हे पाटलालाही माहीत नसते. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या ‘लॉग फोर जे’ या लायब्ररीत असे छिद्र सापडले, की त्यातून परका माणूस यंत्रात शिरून वाटेल ते करू शकेल. दुरुस्त लायब्ररी लगेच निघाली. पण ती जुनी लायब्ररी बरणीत बरणी, तिच्यात आणखी बरणी, अशी कुठे कुठे जाऊन बसली होती हे शोधण्यात जगातल्या कंपन्यांचे आणि सरकारांचे महिने गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये चित्रे उघडून दाखवणाऱ्या ‘लिब-वेबपी’ या लायब्ररीचे तेच झाले. ब्राउझर झाले, निरोप्याची ॲप झाली, ज्याने त्याने आपापली प्रत बांधून घेतलेली, म्हणून ज्याला त्याला आपापली प्रत बदलावी लागली. आपल्या फोनवर ‘अपडेट करा’ म्हणून सारखा तगादा येतो, त्यात पुष्कळदा असा रांजण पालथा करण्याचाच निरोप असतो. त्याला कंटाळू नये.

यावरचा उपाय आपल्या घरांत जुनाच आहे. मुलगी सासरी निघते तेव्हा आई डब्यावर चिठ्ठी लावते: यात चकली, यात अनारसे; हे आधी संपव, ते टिकेल. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आदेशाने आज्ञावलीबरोबर तिच्या आतल्या सर्व सामानाची यादी मागायला सुरुवात झाली; आपल्याकडे सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २०२४ मध्ये अशा यादीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. गाठोडे बांधा, पण वर चिठ्ठी लावा, एवढाच त्याचा अर्थ.

मला वाटते, मराठी अक्षराच्या या चाळीस वर्षांच्या पायपिटीतून शिकण्यासारखे हेच आहे. यजमानाच्या घरी आपल्या चवीचे मिळेल हा भरवसा ज्यांना धरता येत होता ते थोरामोठ्यांचे प्रवासी होते. इंग्रजीला जगात कुठेही चूल पेटलेली मिळे. ज्याची भाषा यजमानाला येत नाही, त्याने आपले धान्य, आपली भांडी आणि आपला आचारीसुद्धा बरोबर नेला पाहिजे. जिस्टचे कार्ड, पीडीएफच्या पोटातला फॉन्ट, ब्राउझरमधली हर्फबझ ही त्या एकाच शहाणपणाची तीन रूपे. कागदपत्रे दीर्घकाळ जपण्यासाठी २००५ मध्ये पीडीएफचे जे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, त्यात फॉन्ट आत बांधलेला असलाच पाहिजे अशी अटच आहे.

म्हणून या दिवाळीत एक काम करण्यासारखे आहे. घराच्या, शाळेच्या, वाचनालयाच्या कपाटात जुन्या फॉन्टमधल्या मजकुराच्या चकत्या असतील. कोणाच्या आजीच्या ओव्या, कोणाच्या गावाचा इतिहास, कोणा शिक्षकाच्या निवृत्तीची स्मरणिका. जुन्या फॉन्टचे क्रमांक युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आज मिळतात. पण त्यासाठी मूळ फॉन्ट कोणता होता हे कळावे लागते, आणि ते सांगू शकणारी डीटीपीच्या दुकानांतली माणसे आता म्हातारी होत चालली आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारून चकतीवर फॉन्टचे नाव लिहून ठेवावे, मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा, आणि फॉन्ट पोटात असलेली एक पीडीएफ करावी. तेवढी चिठ्ठी लावलेली असली, की आपली नातवंडे ते गाठोडे सोडून बसतील तेव्हा आतला घास त्यांच्या तोंडी लागेल.